अनुसयेचं गाऱ्हाणं

नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा म्हणतात, ते डिचोलीच्या अनुसयेला तंतोतंत लागू पडायचं. जिच्या मनात असूया नाही ती अनुसया, असा अर्थ तिला शाळेतल्या मास्तरांनी लहानपणीच समजावून दिला होता. तो ऐकून तिच्या मनात पहिला विचार आला तो हा, की वर्गातल्या बाकीच्या मुलींना याच्याहून चांगल्या अर्थाची नावं आहेत की काय.

शेजारच्या जानकीच्या मांडवावर दुधी लटकायला लागले की अनुसयेच्या पोटात दुखू लागे. ते दुधी किडले की सगळा वाडा जानकीची कीव करायचा, म्हणून पुन्हा दुखू लागे. नणंद सत्यवती माहेरपणाला आली, की भावाने तिच्या ताटात घातलेली माशाची तुकडी मोठी की आपल्या ताटातली, हे ती डोळ्यांनीच मापून ठेवायची. पण एवढं खरं, की ती कुणाचं वाईट करायला कधी गेली नाही. जळायची ती स्वतःच, आणि जळता जळता सगळ्यांची कामंही करायची.

या जळण्याचं मुख्य कारण म्हणजे तिचा नवरा सगुण. दोघांचीही मुळं सावंतवाडीकडची. सगुणचा बाप खाणीवर काम करायला म्हणून डिचोलीत आला आणि इथलाच झाला. सगुण खनिजाचा ट्रक चालवायचा. माणूस देवासारखा, आणि देवासारखाच मुका. घरात दिवसाकाठी चार शब्द बोलला तर खूप. ट्रकशी मात्र तो बोलायचा. सकाळी बॉनेटवर थाप मारून म्हणायचा, "चल गे बाये." अनुसया दारातून ऐकायची आणि तिचा तिळपापड व्हायचा. दसऱ्याला ट्रकला गुडघ्यापर्यंत पोचणारा झेंडूचा हार आणि बायकोला केसांत माळायला वीतभर अबोलीचा वळेसर? एकदा तिने यावरून दोन दिवस अबोला धरला. सगुणला तो कळलाच नाही.

त्यांना मूल झालं नाही. मूल असतं तर सगुणने तिला अमक्याची आई म्हणून तरी हाक मारली असती. बायकोला नावाने हाक मारायची त्यांच्याकडे रीत नव्हती. बाप आईला तशी हाक मारत नव्हता, म्हणून हाही मारत नव्हता. बहिणीला तो "गो सत्यवती" म्हणायचा, शेजारणीला "जानकी वयनी" म्हणायचा. नुसतं उघडं "गो" होतं ते बायकोसाठी. जेवायला बसला की "गो", साबण संपला की "गो". लग्नाला इतकी वर्षं झाली, पण 'अनुसया' हा शब्द त्याच्या ओठावर एकदाही आला नव्हता. अनुसयेला तोवर त्याचं काही वाटलंही नव्हतं.

सगुण बोलायचा अशी आणखी एकच जागा होती, ती म्हणजे गाऱ्हाणं. त्याचा बाप गावच्या रवळनाथापुढे उभा राहून सगळ्या गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालायचा. नारळ ठेवून देवाला सुखदुःख सांगायचं, मागायचं ते मागायचं, आणि प्रत्येक मागणीनंतर मागे उभ्या असलेल्या मंडळींनी एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणायचं. सगुण पोर होता तेव्हापासून त्या मंडळीत उभा असायचा. पुढे ट्रकला नवा टायर घातला तरी नारळ आणि गाऱ्हाणं ठरलेलं. हे काम पुरुषांचं. बायका बाजूला उभ्या राहून ऐकतात, हात जोडतात आणि प्रसादाचं खोबरं किसायला नेतात.

त्या वर्षी नरकासुर जाळून झाले, दिवाळी सरली, आणि खाणीवर ट्रक रिकामा करताना मागचा फाळका अचानक सुटून सगुणच्या डोक्याच्या डाव्या बाजूला बसला. निरोप आला तेव्हा अनुसयेच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "शेवटी त्या सटवीनंच घात केल्यान." सटवी म्हणजे ट्रक.

पणजीजवळच्या मोठ्या हॉस्पिटलात त्याच रात्री ऑपरेशन झालं. डोक्यात साकळलेलं रक्त काढलं, जीव वाचला. पण उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. शुद्धीवर आला, डोळे उघडले, माणसं ओळखली; शब्द मात्र एक नाही.

मेंदूच्या त्या विभागात आजाऱ्यांच्याही जाती होत्या, हे अनुसयेला आठवड्याभरात कळलं. जनेलाकडच्या, म्हणजे खिडकीजवळच्या खाटा मणक्यावाल्यांच्या. तिथे माडावरून, काजूवरून पडलेले. पलीकडे गाठीवाले, त्यांना बघायला वेगळे मोठे डॉक्टर. कोपऱ्यात फिट येणारे. आणि दाराजवळ डोक्याच्या मारवाले, म्हणजे मोटारसायकलवाले आणि खाणवाले. प्रत्येकाचे डॉक्टर वेगळे, तपासायची तऱ्हा वेगळी. अनुसयेला सगळ्यात जास्त हेवा वाटायचा तो मणक्यावाल्यांच्या बायकांचा. समोर जनेलाकडच्या खाटेवर विठू रेंदेर होता, सूर म्हणजे ताडी काढताना माडावरून पडलेला. त्याचे पाय हलत नव्हते, पण जीभ कशी झकास चालायची. बायको आली की तो तिला शिव्या घालायचा. अनुसया सगुणच्या उशाशी बसून त्या शिव्या ऐकायची आणि मनात म्हणायची, हिचं नशीब बघा.

मारवाल्यांना बघणारे एक धाकटे डॉक्टर होते, मडगावकडचे. त्यांचं संशोधन चाललं होतं. बोलणं गेलेल्या माणसाचं काय आधी परत येतं, नावं, आकडे की लहानपणी पाठ झालेलं, हे त्यांना बघायचं होतं. शिवाय गोव्यातला माणूस दोन-तीन भाषांत जगतो, तर त्यातली कोणती पहिली परत येते? म्हणून ते सगळ्यांना विचारायचे, घरात कोणती भाषा बोलता. त्या दिवसांत हा प्रश्न विचारणं म्हणजे गवताच्या गंजीत काडी टाकणं. सत्यवतीचा नवरा म्हणाला, मराठी. समाचाराला आलेला ट्रकचा क्लीनर म्हणाला, खंयची मराठी, कोंकणी. दोघांचा आवाज चढत चढत व्हरांड्यापर्यंत गेला. शेवटी डॉक्टर अनुसयेकडे वळले.

"तुम्हीच सांगा बाई, घरात हे काय बोलायचे?"

"दोतोर," अनुसया म्हणाली, "घरात तो बोलायचोच नाय."

आणि कमल होती. सिस्टर कमल, पेडण्याच्या बाजूची, चोपड्याची. तिशी उलटलेली, उंच, कामाला चपळ. डॉक्टरांनी बोलण्याचा व्यायाम तिच्यावर सोपवला होता. रोज सकाळी ती सगुणसमोर स्टूल घेऊन बसायची, आपल्याकडे बोट दाखवायची आणि सावकाश म्हणायची, "मी कमल. म्हणा, क-मल." अनुसयेला तेव्हाच ते खुपलं होतं. शिकवायला दुसरे शब्द नव्हते? देव होता, पाणी होतं.

त्यात तो घास. सगुणच्या उजव्या ओठातून अन्न बाहेर यायचं. अनुसया घरून आणलेली पेज भरवायची ती निम्मी टॉवेलावर. कमलने भरवली की थेंब सांडायचा नाही. "वयनी, डाव्या गालात घालात," कमलने सांगितलं. अनुसया म्हणाली, "त्येका कसा वाढूचा ता माका शिकव नको." आणि हट्टाने उजवीकडूनच भरवली. सगुण असा खोकला, की डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवशी, कमल पलीकडे गेल्यावर, अनुसयेने गुपचूप डाव्या गालात घास घातला. तो नीट गेला, त्याचाही तिला राग आला.

डिसेंबरात ती एका रात्रीपुरती कपडे बदलायला म्हणून डिचोलीला गेली आणि राजभाषेचं आंदोलन पेटलं. रस्त्यावर झाडं आडवी पडली, बसगाड्या बंद झाल्या. कुणाला कोंकणी हवी होती, कुणाला मराठी. अनुसयेला फक्त बस हवी होती. ती रोज स्टँडवर जाऊन उभी राहायची आणि परत यायची. अखेर गाड्या सुरू झाल्या तेव्हा पहिल्याच गाडीत उभ्याने प्रवास करून ती वॉर्डात पोचली. डॉक्टर हसतमुखाने सामोरे आले.

"बाई, आनंदाची बातमी. बोलले ते."

अनुसयेने पिशवी खाली ठेवली. सगुण उशीला टेकून बसला होता. तिला बघून त्याचे डोळे भरले, ओठ हलले, मानेची शीर ताठ झाली, आणि तो बोलला.

"कमल."

तिला वाटलं, आपण अजून बसमध्ये उभ्या आहोत आणि गाडी कुठेतरी खड्ड्यात गेली. डॉक्टरांनी एक ट्रे पुढे आणला. चमचा दाखवला. "कमल," सगुण म्हणाला. चावी दाखवली. "कमल." पोदेराकडचा ताजा उंडा पाव दाखवला. "कमल." डॉक्टर समजावून सांगत होते, की असं होतं, एकच शब्द हाताला लागतो आणि मग माणूस सगळीकडे तोच वापरतो, त्याचा अर्थ लावू नका. अनुसयेने त्यातलं काही ऐकलं नाही. तिला एवढंच कळलं, की नवऱ्याला आता चमच्यातसुद्धा तीच दिसते. मग डॉक्टरांनी अनुसयेकडे बोट दाखवलं. "आणि ह्या कोण? ह्यांचं नाव काय?"

सगुण तिच्याकडे बघत राहिला. या वेळी त्याने कमलही म्हटलं नाही. काहीच म्हटलं नाही.

"नाव आठवत नाही अजून," डॉक्टर म्हणाले. आठवायला त्याने ते कधी घेतलं होतं? पण ही गोष्ट अनुसयेच्या ध्यानात आली नाही. मत्सराने माणसाची अक्कल गहाण पडते. कानामागून आली आणि तिखट झाली, एवढंच तिच्या डोक्यात घुमत राहिलं. आपण इतकी वर्षं याच्या ट्रकच्या घामाचे कपडे धुतले, याला ताप आला की उशाशी जागलो, आणि देवाने पुन्हा बोलायला दिलं तर याने पहिला शब्द त्या चोपडेकरणीला द्यावा. तिला खरोखर रडू आलं. हॉस्पिटलच्या नळावर तोंड धुऊन ती परत आली ती मनाशी ठरवूनच.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने पिशवीतून नारळ काढला. खाटेशेजारच्या छोट्या कपाटावर ठेवला, त्यावर एक तांबडं जास्वंदीचं फूल वाहिलं. पदर खोचला. आपण बाईमाणूस आणि हे आपलं काम नव्हे, हे तिला माहीत होतं. पण ज्याचं काम तो तर खाटेवर. तिने हात जोडले आणि खालच्या आवाजात सुरू केलं.

"बा देवा रवळनाथा, आज ह्या तुज्या लेकरान तुज्यासमोर नारळ ठेवललो आसा, तो मानून घे रे म्हाराजा."

थोडं थांबायची रीत असते म्हणून ती थांबली.

"माज्या घोवाच्या तोंडात त्या कमळीचा नाव बसलाहा, ता भायर काड रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

तिला वाटलं, विठू रेंदेर चेष्टा करतोय. तिने रागाने तिकडे पाहिलं. विठू तोंड उघडं टाकून तिच्या पाठीमागे बघत होता. पण सुरू केलेलं गाऱ्हाणं मध्येच सोडायचं नसतं.

"त्या कमळीची बदली खंय लांब कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगुण म्हणाला. स्पष्ट, भरघोस, गावच्या देवळात म्हणावं तसं. या खेपेला विठूनेही सूर मिसळला, आणि जनेलाकडच्या सगळ्या खाटांवरून आवाज आला. ज्यांचे पाय हलत नव्हते त्यांनीही कमळीची बदली मागून घेतली. अनुसया मागे वळली. पडद्याशी औषधांचा ट्रे घेऊन कमल उभी होती. पेडण्याच्या बाईला गाऱ्हाणं समजावून सांगावं लागत नाही.

डॉक्टर धावतच आले, हातात टेपरेकॉर्डर घेऊन. त्यांना हर्ष मावेना. पाठ झालेलं आधी परत येतं, हेच तर त्यांना बघायचं होतं. गाऱ्हाण्यातले शब्द त्यांना धड कळले नव्हते आणि त्याची त्यांना गरजही नव्हती.

"बाई, परत एकदा म्हणा पळोवया. मघाशी म्हटलंत तसंच."

अनुसयेची धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं अशी अवस्था झाली. तिने कमलकडे बघायचं टाळलं. कमल मात्र शांतपणे ट्रे खाली ठेवून म्हणाली, "म्हणा वयनी. देवाकडे मागलेला मागे घेऊचा नसता."

तिने परत म्हटलं. कमळीचं नाव गाळलं, बदली गाळली. इडापिडा टळू दे, हात चालू दे, एवढंच मागितलं. सगुणने प्रत्येक वाक्याला होकार भरला. टेप फिरत होती. आता अनुसयेची मान ताठ झाली. ही सकाळपासून स्टूल घेऊन बसते तर एक शब्द मिळतो, आणि माझ्यासाठी तो अख्खं वाक्य बोलतो. तिने कमलकडे बघूनसुद्धा घेतलं.

पण डॉक्टर शास्त्राचे माणूस. त्यांना खात्री करून घ्यायची होती, की सगुणला अर्थ कळतो की जीभ नुसती सवयीने चालते. म्हणाले, "आता एक खोटं वाक्य घाला. काहीही. तुमच्याविरुद्धच घाला ना."

अनुसया हसली. घालायला काय हरकत होती? तिच्या मनात शंकासुद्धा नव्हती. "माज्या घोवाची बायल वायट आसा रे म्हाराजा," ती म्हणाली, आणि तो गप्प राहील म्हणून ऐटीत थांबली.

"व्हय म्हाराजा," सगुण म्हणाला.

विठू खो खो हसला. डॉक्टरांनी समाधानाने मान हलवली. अनुसयेचा चेहरा उतरला. म्हणजे तेही तिचं नव्हतं. ते देवळाचं होतं, गावाचं होतं, कोणीही नारळ ठेवून उभं राहिलं असतं तरी त्याने तेच म्हटलं असतं. कमलचं नाव तरी कमलचं होतं. आपल्या वाट्याला काय आलं? तिने नारळ उचलला, पिशवीत कोंबला, चपला पायात सरकवल्या. डॉक्टर अजून टेप मागे फिरवत होते. "बसात हो वयनी, कुठे चाललात?" कमल म्हणाली. म्हापशाची बस मिळाली तर म्हापसा, नाहीतर चालत डिचोली, पण इथे आता बसायचं नाही. ती दाराकडे निघाली.

"गो."

ती दारातच थिजली.

"गोऽ," पुन्हा आलं. साबण संपल्यावर न्हाणीतून येई तसंच, थोडंसं त्रासलेलं, थोडंसं घाबरलेलं. शेवट जरा वर चढलेला. तिने वळून पाहिलं. सगुणने चांगला हात खाटेच्या कडेला रोवला होता आणि अर्धा उठून तो तिच्या पिशवीकडे बघत होता. ही चालली कुठे, असा भाव त्याच्या तोंडावर होता. बायकोने न सांगता घराबाहेर पडावं हे त्याला कधीच खपलं नव्हतं.

डॉक्टरांनी मान वर केली. "काय म्हणाले ते? काही तरी म्हणाले. नाव घेतलं तुमचं?"

टेप थांबलेली होती. डॉक्टर बटनावर बोट ठेवून वाट बघत होते. अनुसयेने सगुणकडे पाहिलं, मग त्या यंत्राकडे. 'कमल' सगळ्या वॉर्डाने ऐकलं होतं. 'व्हय म्हाराजा' तर टेपवरच गेलं होतं. उद्या मडगावचे, मुंबईचे डॉक्टर ते लावून ऐकतील. आता हेही त्यांच्या हाती द्यायचं?

"काय नाय दोतोर," ती म्हणाली. "खोकलो तो."

डॉक्टरांनी कमलकडे पाहिलं. कमल खाटेला चिकटून उभी होती, तिने दोन्ही वेळा ऐकलं होतं, आणि तिच्या गावात असं उघडं 'गो' कोण कोणाला म्हणतं हे तिला ठाऊक होतं.

"खोकलेच," कमल म्हणाली. "घास अडकता त्यांचा कधी कधी."

डॉक्टर हिरमुसले आणि टेप उचलून गाठीवाल्यांकडे गेले. पुढेही, सगुणला वीस-पंचवीस शब्द यायला लागल्यावर, ते प्रत्येक खेपेला विचारायचे, ह्यांचं नाव काय. तो बघत राहायचा. तेवढी एक जागा त्यांच्या संशोधनात कायम रिकामी राहिली.

त्या दिवशी अनुसया परत येऊन स्टुलावर बसली. सगुण उशीला टेकला, डोळे मिटले. कमल चादर सारखी करत होती.

"माजी बदली मागितलास ती मागितलास," कमल म्हणाली. "पण खरं सांगू वयनी? दिवसभर सगळे माका नावानंच हाक मारतत. सिस्टर कमल, कमल सिस्टर. घरी गेलंय तरी आवय कमल, भाऊ कमल. तसा नुसता 'गो' म्हणणारा माका कोण नाय." तिने उशीचा कोपरा दोनदा सारखा केला. तो आधीच सारखा होता.

अनुसयेने तिच्याकडे पाहिलं. आपला हेवा कोणाला वाटू शकतो हे तिला जन्मात कधी सुचलं नव्हतं. सुचलं तेव्हा तिला ते इतकं गोड लागलं, की तिला स्वतःचीच लाज वाटली. तिने पिशवीतला नारळ काढला, बाहेर जाऊन पायरीवर आपटला आणि दोन्ही वाट्या घेऊन आली. नारळ सारखा फुटला नव्हता. तिने दोन्ही वाट्या डोळ्यांनी मापल्या आणि मोठी कमलच्या हातात ठेवली.

मग जरा विचार करून तिने त्यातला एक तुकडा परत काढून घेतला आणि सगुणच्या डाव्या गालात घातला.